सूरजागडची पोरं, ऑस्ट्रेलिया आणि बाकीचं जग

पोस्ट लांबली आहे. आत्ता वेळ नसेल तर सेव्ह करून ठेवा, पण वाचा. विशेषतः ज्यांच्या घरात कॉलेजला जाणारं पोरगं-पोरगी आहे त्यांनी.

एटापल्लीत माझं ऑनलाईन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे, हे तुमच्यापैकी बहुतेकांना माहीत आहे. उत्पन्नाचा दाखला, पोलीस भरती, वनरक्षक भरती, स्कॉलरशिप, पीक विमा, झेरॉक्स. इतक्या वर्षांत पासपोर्टचे फॉर्म किती भरले असं कोणी विचारलं तर एका हाताच्या बोटांवर सांगता येईल. त्यातला एक गेल्या आठवड्यात भरला. पोरगी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला, माडिया घरची, गाव पहाडीच्या बाजूचं. सोबत बाप आला होता. मी खुर्ची दिली तरी तो बसला नाही, दारातच उभा राहिला.

पोरगी म्हणाली, "भाऊ, कर्टिनला जाऊन शिकायचं असलं तर काय काय लागते?"

मी विचारलं, कोणत्या विषयाला जायचं आहे? म्हणाली, "मायनिंग." मी म्हटलं, तुझा तर बॉटनी आहे ना? तर म्हणते, "हो, पण मायनिंगसाठीच पाठवतात म्हणतात. मग मायनिंगच करीन."

एवढ्यात दारातून बापाने गोंडीत एकच प्रश्न विचारला: तिथं हिच्याशी बोलायला कोण असेल?

मी तेव्हा काहीतरी गोलमाल उत्तर दिलं. पण आठवडाभर ही दोन वाक्यं डोक्यातून जात नाहीत. पोरीचं "मग मायनिंगच करीन" आणि बापाचं "बोलायला कोण असेल". ही पोस्ट त्या दोन वाक्यांवरच आहे.

आधी थोडी माहिती, कारण बाहेरगावचे लोकही ही पोस्ट वाचतील. सूरजागडच्या पहाडीवर लोहखनिज आहे. २००७ मध्ये तिथल्या ३४८ हेक्टरची लीज लॉईड्स मेटल्सला मिळाली. त्याच पहाडीवर आमचा ठाकूरदेव आहे, जानेवारीत यात्रा भरते. पुढची कहाणी सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे, २०१६ च्या डिसेंबरात जळालेल्या ट्रकांपासून ते आज रस्त्यावर लागणाऱ्या ट्रकांच्या रांगेपर्यंत. आता कंपनी, गोंडवाना विद्यापीठ आणि ऑस्ट्रेलियातल्या पर्थचं कर्टिन विद्यापीठ यांच्यात करार झाला आहे. गडचिरोलीतली काही मुलं कंपनीच्या मदतीने तिकडे शिकायला जाण्याची सोय झाली. खाणकाम शिकवण्यात कर्टिनचं नाव जगात मोठं आहे, त्यांचं कालगुर्लीचं स्कूल ऑफ माईन्स १९०२ सालचं आहे. म्हणजे कोणी ऐऱ्यागैऱ्या ठिकाणी पाठवत नाही.

यावर आपल्या ग्रुपवर काय चाललंय तेही सगळे पाहतोच. एका बाजूचे म्हणतात, ही निव्वळ कंपनीची जाहिरात, पहाडी घेतली आणि चार पोरांना विमानात बसवलं. दुसऱ्या बाजूचे विमानतळावरच्या फोटोखाली टाळ्यांचे इमोजी टाकतात आणि प्रश्न विचारणाऱ्याला विकासविरोधी म्हणून मोकळे होतात. मला दोन्ही पटत नाही. मला वाटतं पोरांनी जावं, कंपनीच्या पैशाने मिळत असेल तर त्या पैशानेही जावं, फक्त हा एकच दरवाजा आहे असं समजून जाऊ नये. आणि जायच्या आधी भाषेचा प्रश्न मिटवावा, कारण आमच्या पोरांचं घोडं तिथेच अडतं. हुशारीत अडत नाही.

भाषेचं माझं स्वतःचं सांगतो. मी सहा वर्षांचा असताना पहिली परकी भाषा शिकलो. ती मराठी. घरी आई-आजी गोंडीच बोलायच्या. आश्रमशाळेत टाकलं तेव्हा गुरुजी 'पाणी' म्हणायचे, आणि पाणी म्हणजे आमचं 'येर' हे कळायलाच मला काही दिवस लागले. वर्षभर मी वर्गात तोंड उघडलं नाही. रजिस्टरात माझ्या नावापुढे काय शेरा होता ते पुढे मोठा झाल्यावर कळलं, इथे लिहीत नाही. त्या गुरुजींवर राग नाही, त्यांना गोंडी कोणी शिकवलीच नव्हती. पण विचार करा. ज्या पोराला सहाव्या वर्षी एका नव्या भाषेत गणित, भूगोल आणि प्रार्थना एकदम शिकावी लागली, आणि जे ते शिकलं, ते पोरगं भाषेत कच्चं कसं?

आमच्या तालुक्यातल्या साध्या पोराचा हिशोब मांडा. घरी माडिया किंवा गोंडी. शाळेत मराठी. बाजारात आणि ट्रकवाल्यांशी हिंदी. सिरोंच्याकडे सोयरीक असेल तर तेलुगू. बस्तरच्या बाजूला मामा असेल तर छत्तीसगढी. मुलचेरा-चामोर्शीकडे मित्र असेल तर थोडी बंगालीही. शिवाय या सगळ्या एका कुळातल्या नाहीत. गोंडी ही तेलुगूच्या कुळातली. तीनला आम्ही मूंड म्हणतो, ते मूडू. चारला आम्ही नालुंग, ते नालुगू. मराठी-हिंदीचं घराणं वेगळं. म्हणजे दोन वेगळ्या घराण्यांची व्याकरणं हे पोरगं दहाव्या वर्षी डोक्यात घेऊन फिरतं, आणि कोणी सर्टिफिकेट देत नाही. शहरातल्या पोराने जर्मनची ए-वन परीक्षा पास केली तर आईबाप स्टेटस ठेवतात. (ठेवू दे, त्याने मेहनतच केली आहे.) आमच्या पोराच्या चार भाषांना मात्र 'भाषेची अडचण' हे नाव मिळतं.

धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने गोंडी माध्यमाची शाळा काढली, ती याच कारणाने. तिच्यामागे कागदपत्रांचा आणि कोर्टाचा ससेमिरा लागला हा वेगळा विषय आहे, कधीतरी त्यावरही लिहीन. आजचा मुद्दा एवढाच की घरच्या भाषेत पाया पक्का झालेलं पोरगं पुढची भाषा लवकर उचलतं. गोंडी शिकवली तर इंग्रजी मागे पडेल ही भीती घालणाऱ्यांनी एकदा हेमलकसाला जाऊन यावं. प्रकाशभाऊ आमटे १९७३ मध्ये आले तेव्हा आधी स्वतः माडिया शिकले. त्यांच्या शाळेतून पुढे डॉक्टर झाले, वकील झाले.

आता खरं ते बोलू. इंग्रजीच्या नावाने आपल्याकडे बोंब आहे. बारावीपर्यंत पोरगं इंग्रजीचा पेपर गाईड पाठ करून काढतं. बीएस्सीला गेलं की पुस्तकं एकदम इंग्रजीत. तिथून पुढे आयईएलटीएस परीक्षा. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं, चारही घ्यायचं, नऊपैकी बहुतेक ठिकाणी साडेसहाच्या आसपास मागतात. फी सतरा-अठरा हजारांच्या घरात. निकाल दोन वर्षंच चालतो, त्यामुळे आज देऊन ठेवली आणि चार वर्षांनी वापरली असं होत नाही. तेंदूच्या हंगामात घरात येणारा पैसा डोळ्यांपुढे आणा आणि मग सतरा हजार म्हणजे काय ते ठरवा. आणि त्यातला 'बोलणं' हा भाग कोणाशी बोलून तयार करायचा? इथे पुन्हा बापाचाच प्रश्न येतो, फक्त तो ऑस्ट्रेलियात पोचायच्या आधीच येतो.

काहीजण म्हणतील, भाषा शिकून काय होणार, पोट भरणार का? भरतं, त्यावर पुढे येतो. पण पोटाच्याही आधीची एक गोष्ट सांगतो, ती इथल्या प्रत्येकाच्या दारातली आहे.

ऑक्टोबर २०२२ मध्ये खाणीचं उत्पादन वर्षाला तीस लाख टनांवरून एक कोटी टनांवर नेण्यासाठी जनसुनावणी झाली. ती झाली गडचिरोलीला, इथून दीडशेच्या आसपास किलोमीटरवर. ते अंतर सोडून देऊ. सुनावणी ज्या पर्यावरण अहवालावर होते, तो अहवाल वाचला किती जणांनी? केंद्राची २००६ ची अधिसूचना सांगते की अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत द्यायचा. सारांश. मुख्य अहवाल इंग्रजीत, शेकडो पानांचा. पाणी किती उपसणार, धूळ किती उडणार, नाल्यात काय जाणार याचे तक्ते त्या शेकडो पानांत असतात. मी माझ्या दुकानात अशा अहवालांच्या प्रिंट काढल्या आहेत, वाचायचाही प्रयत्न केला आहे. चाळीस पानांपुढे गेलो नाही. मी मराठी वर्तमानपत्र रोज वाचणारा माणूस. मग गावातल्या म्हाताऱ्याने काय करायचं? माडियात तर सारांशही नाही.

खाण हवी म्हणणाऱ्याला आणि नको म्हणणाऱ्याला, दोघांनाही तो अहवाल वाचता आला पाहिजे. गावात एक पोरगी, एक पोरगा असा हवा की जो तो कागद वाचून ग्रामसभेत माडियात समजावून सांगेल, आणि ग्रामसभेचं म्हणणं इंग्रजीत नीट लिहून देईल. मला विचाराल तर परकी भाषा शिकण्याचा पहिला फायदा हाच. व्हिसा, डॉलर, फोटो नंतर.

म्हणूनच कर्टिनला जाणाऱ्या पोरांबद्दल मला उत्सुकता आहे, आणि ती मशिनरीबद्दल नाही. पर्थ ज्या राज्यात आहे, त्याच पश्चिम ऑस्ट्रेलियात उत्तरेला पिलबारा नावाचा भाग आहे. जगातलं सगळ्यात जास्त लोहखनिज निघणाऱ्या भागांपैकी तो एक. तिथेही मूळनिवासी आहेत, त्यांचेही देव डोंगरात आहेत. मे २०२० मध्ये रिओ टिंटो कंपनीने तिथल्या जुकान घळीतल्या गुहा सुरुंग लावून उडवल्या. माणूस तिथे ४६ हजार वर्षांपूर्वीपासून राहत असल्याच्या खुणा त्या गुहांत सापडल्या होत्या. माणसाच्या केसांचा विणलेला चार हजार वर्षांपूर्वीचा पट्टा सापडला होता, आणि त्याचा डीएनए आजच्या तिथल्या लोकांशी जुळला होता. कंपनीकडे सरकारची रीतसर परवानगी होती, बरं का. सगळं कायद्यात बसवून उडवलं. पण त्यानंतर एवढा गदारोळ झाला की कंपनीच्या मुख्य अधिकाऱ्याला पद सोडावं लागलं आणि तिथल्या संसदेने चौकशी समिती बसवली.

हे का झालं? कारण त्या लोकांची पोरं कोर्टात, संसदेत, वर्तमानपत्रांत इंग्रजीत बोलू शकत होती. त्यांच्यामागे १९९२ चा माबो खटला होता. 'ही जमीन तुम्ही आलात तेव्हा रिकामी नव्हती' हे एका बेटावरच्या माणसांनी तिथल्या सर्वोच्च कोर्टाकडून मान्य करून घेतलं होतं. पुढच्या वर्षी कायदा झाला. आपल्याकडे पेसा आहे, वनहक्क कायदा आहे, ग्रामसभा आहे. त्यांच्याकडे काय आहे, ते कंपनीशी करार कसे करतात, त्यात फसतात कुठे, हे आपल्या पोराने तिथे राहून पाहावं. मायनिंगच्या अभ्यासक्रमात ते किती शिकवतात ते सोडा. लायब्ररी आहे, सुट्टीचे दिवस आहेत, त्या लोकांची स्वतःची कार्यालयं आहेत. एखाद्या रविवारी जाऊन बसावं, आणि सांगावं की आम्हीही लोखंडाच्या डोंगराखालचे.

इथे कोणीतरी म्हणणारच, "कंपनीच्या पैशाने गेलेलं पोरगं कंपनीचंच बोलणार." असं होऊ शकतं. होईलच असं नाही. १९१३ मध्ये बाबासाहेब न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोदा संस्थानच्या पैशाने, आणि परत येऊन दहा वर्षं संस्थानची नोकरी करण्याचा करार लिहून देऊन. बडोद्यात त्यांना राहायला जागा मिळाली नाही, नोकरी टिकली नाही. पण जे शिकून आले ते कोणत्याही करारात मावणारं नव्हतं. आणखी एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. कोलंबियात त्यांनी अर्थशास्त्राच्या ढीगभर कोर्सेससोबत प्राथमिक फ्रेंच आणि प्राथमिक जर्मनचाही एकेक कोर्स घेतला होता. पुढे जर्मनीत बॉन विद्यापीठातही नाव नोंदवलं. इंग्रजीवर थांबले नाहीत. जयपालसिंग मुंडांचंही तसंच. मिशनऱ्यांनी त्यांना ऑक्सफर्डला नेलं ते त्यांच्या हिशोबाने, आणि मुंडा संविधान सभेत उभे राहिले ते आदिवासींच्या हिशोबाने. पैसा देणाऱ्याचा हेतू एक असतो, शिकणाऱ्याचा दुसरा असू शकतो.

म्हणून माझं पोरांना सांगणं आहे की पैसे कोणाचे यापेक्षा करारात काय लिहिलंय ते बघा. परत येऊन किती वर्षं नोकरी करायची, मधे सोडलं तर किती भरायचे, विषय बदलता येतो का. सही करायच्या आधी दुसऱ्या कोणाला तरी वाचायला द्या. हे कोणत्याही कंपनीच्या, संस्थेच्या, अगदी सरकारच्या योजनेलाही लागू आहे.

आता "मग मायनिंगच करीन" या वाक्याकडे येतो. मला सगळ्यात जास्त तेच टोचलं. या पोरीला झाडांचा नाद आहे. कोणत्या झाडाची साल कशावर चालते हे तिला तिच्या आजीकडून माहीत आहे आणि त्याची लॅटिन नावंही तिला येतात. तरी ती मायनिंगला निघाली, कारण तिला दिसणारा दरवाजा तेवढाच. दरवाजे आणखी आहेत, फक्त त्यांचे बॅनर एटापल्लीच्या चौकात लागत नाहीत.

केंद्राच्या आदिवासी मंत्रालयाची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप आहे. मास्टर्स, पीएचडीसाठी परदेशातली फी, राहणं-खाणं, विमान. देशभरात वर्षाला जागा फक्त वीस. पण त्या वीसपैकी तीन जागा अतिअसुरक्षित आदिम जमातींसाठी राखीव. महाराष्ट्रात अशा जमाती तीनच: कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. नीट वाचा पुन्हा. आपल्या माडिया पोरांसाठी परदेशी शिक्षणाचा दरवाजा दिल्लीने नाव घेऊन उघडा ठेवला आहे. माझ्या दुकानात या योजनेचा फॉर्म भरायला आजपर्यंत एकही जण आला नाही. मी स्वतःही कोणाला सांगितलं नव्हतं, म्हणजे चूक माझीही. राज्याच्या आदिवासी विकास विभागाचीही परदेशी शिष्यवृत्ती आहे, तिच्या जागा २०२३ मध्ये दहावरून चाळीस केल्या. अट अशी की विद्यापीठ जागतिक क्रमवारीत ठरावीक क्रमांकाच्या आत हवं आणि प्रवेश आधी मिळालेला हवा.

गेलेले कोणी आहेत का? आहेत, आणि आपलेच आहेत. कोरपना तालुक्यातल्या लखमापूरचे ॲड. दीपक चटप २०२२ मध्ये ब्रिटनची चेव्हनिंग शिष्यवृत्ती मिळवून लंडनच्या सोआसला गेले. त्यांचे सहकारी, आपल्या जिल्ह्याचे ॲड. बोधी रामटेके युरोपच्या इरॅस्मस मुंडस शिष्यवृत्तीवर गेले. या दोघांच्या पाथ फाउंडेशनने त्याआधी मुलचेऱ्यातल्या वेंगनूरचा प्रश्न, पावसाळ्यात पाण्याने तुटणाऱ्या गावांचा, नागपूर खंडपीठापुढे नेला होता. शिष्यवृत्ती देणाऱ्यांनी त्यांची टक्केवारी पाहिली असेल, पण हे कामही पाहिलंच असेल. इरॅस्मस मुंडसमध्ये तर एकाच डिग्रीसाठी दोन-तीन देशांत राहून शिकायचं असतं, फी माफ आणि महिन्याला चौदाशे युरो हातात. आपल्या पोरीच्या झाडांच्या विषयाला असे कोर्स आहेत. मी त्याच दिवशी तिला शोधून दाखवले.

आणि भास्कर हलामी. कुरखेडा तालुक्यातलं चिरचाडी हे त्यांचं गाव. लहानपणी पावसाळ्यात घरात दाणा नसायचा, मोहफुलं शिजवून दिवस काढले हे त्यांनी स्वतः सांगितलं आहे. वडिलांना कसनसूरच्या शाळेत काम मिळालं म्हणून कुटुंब तिकडे आलं आणि भास्कर पहिली ते चौथी कसनसूरच्या आश्रमशाळेत शिकले. कसनसूर, आपल्याच एटापल्ली तालुक्यातलं. तिथून केळापूरचं विद्यानिकेतन, गडचिरोलीला बीएस्सी, नागपूरला एमएस्सी, मग अमेरिकेत मिशिगन टेक्नॉलॉजिकल विद्यापीठात पीएचडी. पुढे तिकडेच औषधांच्या संशोधनात, आरएनएवर काम. २०२२ मध्ये त्यांची बातमी सगळीकडे फिरली तेव्हा आपण सगळ्यांनी ती फॉरवर्ड केली. कसनसूरच्या शाळेत आज त्यांचा फोटो लावलेला आहे का, हे कोणीतरी बघून कमेंटमध्ये सांगा.

इंग्रजी सोडून दुसऱ्या भाषेचं काय? आता पोटाचा मुद्दा. २०२४ मध्ये राज्य सरकारने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी करार केला, दहा हजार कुशल माणसं पाठवायचा. नर्स, इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर, हॉटेलवाले. गाजावाजा खूप झाला, गाडी मात्र कासवाच्या चालीने चालली. पण करार चालो न चालो, जर्मनीत माणसं कमी आहेत ही गोष्ट खरी आहे, आणि तिथे नर्स म्हणून उभं राहायला जर्मन साधारण बी-टू पातळीपर्यंत लागते. आपल्या जिल्ह्यात नर्सिंग केलेल्या मुली किती आहेत ते मोजा. शिकायला जायचं असेल तर तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी जवळजवळ नाही. गंमत अशी की ज्या बाडेन-वुर्टेमबर्गशी आपला करार आहे, नेमकं तेच राज्य बाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सहा महिन्यांना पंधराशे युरो घेतं. शेजारच्या राज्यात अर्ज करा, एवढंच. पण सावध करतो. फी नसली तरी वर्षाच्या खर्चाचे जवळपास बारा हजार युरो आधी खात्यात दाखवावे लागतात, आणि "जर्मनीला फुकट शिक्षण" म्हणून लाखभर रुपये उकळणारे एजंट नागपुरात पायलीला पन्नास आहेत. इथलेच दोन-तीन पोरं हात पोळून घेऊन बसलेत.

भाषेचा आणखी एक उपयोग आहे, तो पगाराच्या स्लिपवर दिसत नाही. माडियांवर पहिलं मोठं पुस्तक लिहिलं ग्रिगसन या इंग्रज अधिकाऱ्याने, १९३८ मध्ये. पलीकडे आदिलाबादच्या राजगोंडांमध्ये वर्षानुवर्षं राहिलेला फ्युरर-हायमेनडॉर्फ हा ऑस्ट्रियाचा. त्याचे फोटो आणि कागद लंडनला सोआसमध्ये आहेत. आपल्या आज्या-पणज्यांच्या पिढीची लग्नं, गोटुल, देव, शेती सगळं दुसऱ्यांच्या भाषेत लिहून दुसऱ्यांच्या कपाटात ठेवलेलं आहे. त्यात किती बरोबर आणि किती चूक हे सांगू शकेल असं माणूस आपल्याकडूनच जायला हवं.

"गेलेलं पोरगं परत येते का?" हा प्रश्न प्रत्येक बैठकीत येतो. चेव्हनिंगची अटच आहे की शिकून झालं की मायदेशी परतून दोन वर्षं राहायचं. बाकीच्यांचं सांगता येत नाही. काही येतील, काही नाही. हलामी तिकडेच राहिले, म्हणून त्यांचं शिकणं वाया गेलं असं म्हणायची माझी हिंमत नाही. आणि खरं सांगू? एटापल्लीचं पोरगं पुण्याला गेलं तरी कुठे परत येतं? फक्त आदिवासी पोराकडूनच "तू परत येऊन समाजाची सेवा कर" असं लेखी मागणं मला अन्यायाचं वाटतं. मुंबईच्या पोराला असं कोणी विचारत नाही. मात्र ज्यांना परत यायचं आहे त्यांच्यासाठी इथे काही असलं पाहिजे. झाडांवर डॉक्टरेट करून आलेल्या पोरीला आपण सुरक्षा रक्षकाची जाहिरात दाखवणार असू तर ती का येईल?

मागणं कोणाकडे करायचं? गोंडवाना विद्यापीठाकडे. २०११ मध्ये हे विद्यापीठ चंद्रपूर-गडचिरोलीसाठी वेगळं काढलं ते नागपूर लांब पडतं म्हणून. आता त्याने गडचिरोलीही अहेरी-एटापल्लीपासून लांब आहे हे ध्यानात घ्यावं. इथल्या कॉलेजांत संध्याकाळचा इंग्रजी बोलण्याचा वर्ग, सोबत जर्मन किंवा जपानीचा प्राथमिक कोर्स. शिकवणारा मास्तर इथे यायला तयार नसेल तर मोठा पडदा आणि नेट. नेटचं हसू नका, मला माहीत आहे टॉवरचं काय आहे ते. आयईएलटीएसची फी एकदा तरी विद्यापीठाने किंवा आदिवासी प्रकल्प कार्यालयाने भरावी. आणि कंपनी जर खरंच पोरांना पाठवतेय, तर तिने दोन जागा अशा ठेवाव्यात की विषय पोराने निवडावा. कायदा, पर्यावरण, औषधं, भाषा, काहीही. त्याने कंपनीची शानच वाढेल.

कागदांचंही सांगून ठेवतो, कारण फॉर्म अर्ध्यात सोडून गेलेली पोरं मी पाहिली आहेत. जन्मदाखला नाही म्हणून पासपोर्ट होत नाही असा समज आहे. जन्मदाखल्याची सक्ती १ ऑक्टोबर २०२३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना आहे. तुमचा शाळा सोडल्याचा दाखला चालतो, फक्त आधार, दाखला आणि मार्कशीटवर नाव आणि तारीख एकच पाहिजे. जात वैधता प्रमाणपत्र आत्ताच काढायला टाका. ते यायला किती महिने लागतात हे मी सांगत नाही, माझ्यासमोर एका पोराची सगळी स्कॉलरशिप त्याच्यापायी गेली.

बापाच्या प्रश्नाचं उत्तर मी दुसऱ्या दिवशी दिलं. तो झेरॉक्स घ्यायला आला होता. म्हटलं, दादा, पहिले काही महिने तिच्याशी कोणी बोलणार नाही. मी वर्षभर गप्प होतो, ती सहा महिने राहील. नंतर बोलेल. तो थोडा वेळ उभा राहिला, मग विचारलं, फोन लागतो का तिथून? म्हटलं, तिथून लागतो, तुमच्या गावात लागतो का ते बघा. हसला.

पोरीने नॅशनल ओव्हरसीजचं माहितीपत्रक प्रिंट करून नेलं आहे. मायनिंगचा कागदही नेला, दोन्ही. ठरवेल ती. आयईएलटीएसचं केंद्र नागपूरला आहे, तारीख घ्यायची बाकी आहे. तोवर दर शनिवारी सायंकाळी सहानंतर दुकानात तासभर फक्त इंग्रजी बोलायचं ठरवलं आहे. मलाही येत नाही फारसं, त्यामुळे लाजायचं कारण नाही. सध्या आम्ही तिघे आहोत. चौथी खुर्ची शेजारच्या चहावाल्याकडून आणतो.